मूळ प्रत : बाबांच्या संग्रहाच्या कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी २०२४

कामाची व्याप्ती आज ठरली. बाबांचं जे काही आम्हा तिघा भावंडांकडे आणि आईकडे विखुरलेलं आहे ते एकत्र आणायचं, त्याच्या डिजिटल प्रती करायच्या, आणि नातवंडं मोठी झाल्यावर त्यांची त्यांना हवं ते सापडेल अशा पद्धतीने लावून ठेवायचं. बाबा सप्टेंबरात गेले. तेव्हापासून प्रत्येक जण आपापल्या परीने काहीतरी जपतो आहे. आईने चष्मा, ताईने वह्या, दादाने कॅसेट. पण कपाटात जपलेली वस्तूही आतून खराब होत राहते, तेव्हा कुणीतरी हे हातात घेणं भाग होतं. मी घेते म्हणाले.

सामान असं : दादा शिकायला बाहेर होता तेव्हा बाबांनी पत्राऐवजी पाठवलेल्या ऑडिओ कॅसेट, चिकट पानांचे अल्बम, निगेटिव्हची पाकिटं, ड्रॉइंगच्या गुंडाळ्या, खिशात मावतील अशा वह्या, आणि त्यांचा फोन. बाबा आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते, त्यामुळे प्रत्येक पाकिटावर त्यांच्या त्या सरळ, एकसारख्या उंचीच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं आहेच.

ताईचं म्हणणं, फोटोंपासून सुरुवात करू, कारण फोटो बघायला सगळे बसतील. मी क्रम वेगळा लावला : जे आधी हातचं जाईल ते आधी. म्हणजे फोन, मग कॅसेट, मग फोटो, शेवटी ड्रॉइंग आणि वह्या.

११ फेब्रुवारी

फोन. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरात नसलं की साधारणपणे काढून टाकलं जातं. आई मात्र बाबांचा फोन अजूनही रोज चार्ज करते, घरच्या वायफायला जोडलेला ठेवते, म्हणून ते खातं आजवर चालू आहे. तिला या नियमाची कल्पनाही नव्हती. ‘त्यांचा फोन बंद पडलेला मला बघवत नाही,’ एवढंच म्हणाली.

प्रत्येक नातवंडाशी झालेला संवाद वेगळा एक्स्पोर्ट केला, मीडियासकट. व्हॉइस मेसेज ‘ओपस’ प्रकारच्या फाइलमध्ये येतात. त्या एमपीथ्रीमध्ये बदलून ठेवायचा मोह होतो, कारण एमपीथ्री कुठेही वाजते. पण दोन्ही पद्धती जागा वाचवण्यासाठी आवाजातला काही भाग कायमचा टाकून देतात. एकदा टाकून झालेल्या आवाजातून पुन्हा टाकायचं कशाला? ओपस हे २०१२ पासूनचं खुलं मानक आहे, ते वाजवणारी साधनं पुढेही मिळतील. फाइली आहेत तशाच ठेवल्या. नावंसुद्धा बदलली नाहीत. कुठली फाइल कशाची ते वेगळ्या तक्त्यात लिहिलं.

दिवसभर आजोबा ऐकत होते मी. हो, आजोबा. या मेसेजमधले बाबा माझ्या ओळखीचे नाहीत. बटण दाबल्यावर थोडी शांतता, मग एक खोल श्वास, ‘हं’, आणि मग मुलाचं नाव. माझ्या मुलाला ते एक गोष्ट सांगत होते, रोज थोडी थोडी. घरातली प्रत्येक वस्तू पावलांनी मोजत निघालेल्या मुंगीची. टेबल किती पावलांचं, चप्पल किती पावलांची, खिडकीपर्यंत पोचता पोचता संध्याकाळ कशी झाली. प्रत्येक मेसेज ‘उरलेलं उद्या’ म्हणून संपतो.

शेवटचा मेसेजही तसाच संपतो. मुंगी कपाटाखाली आहे.

१८ फेब्रुवारी

माझ्या मुलाने विचारलं, ‘फोन चालू आहे तर आजोबा आता उरलेली गोष्ट पाठवतील का?’ तो आठ वर्षांचा आहे, मरण म्हणजे काय ते त्याला समजतं. पण समजणं आणि सवय सुटणं एकाच दिवशी होत नाही. मी सरळ सांगितलं : आजोबा वारले, त्यांचं शरीर आता काम करत नाही, ते बोलू शकणार नाहीत, गोष्ट अर्धी राहिली. मुलांशी बोलताना ‘झोपले’, ‘दूर गेले’ असे शब्द टाळावेत हे मला पटलेलं आहे. झोपलेला माणूस उठतो आणि दूर गेलेला परत येतो, असंच मूल समजणार. तो थोडा वेळ रडला, मग खेळायला गेला, संध्याकाळी पुन्हा मुंगीचं विचारत आला. मुलांचं दुःख असं अधूनमधून वर येतं. मोठ्यांना ते पटकन विसरल्यासारखं दिसतं, पण तसं नसतं.

१० मार्च

कॅसेट. दादाने पेटी पोचवली. कॅसेट हा प्रकार फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात आणला. आत ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकणारी. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ८६ मीटर फीत भरते. नव्वद मिनिटांची फीत त्याहून पातळ. बाबांनी सगळ्या साठ मिनिटांच्याच वापरल्या आहेत.

वाजवण्याआधी तपासणी : बुरशी आहे का, फितीला दाबून धरणारी फेल्टची बारीक गादी जागेवर आहे का, फीत कडेला दुमडली आहे का. दोन कॅसेटमधली गादी सुटली होती. फीत नव्या कवचात हलवावी लागली. स्क्रूची कवचं असल्यामुळे हे सोपं गेलं. चिकटवलेली असती तर कापावी लागली असती. डेकची, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्राची, हेडं (फितीवरचा आवाज वाचणारे भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. रबरी पट्टा आधीच बदलून घेतला आहे, कारण पट्टा सैल असेल तर आवाज लहरतो आणि ती लहर नंतर काढणं फार अवघड.

यापुढची पायरी बहुतेक लोक सोडून देतात आणि आवाजाचं खरं नुकसान तिथे होतं. हेडचा फितीशी असलेला कोन. प्रत्येक रेकॉर्डरचा हा कोन किंचित वेगळा असतो. आपल्या डेकचा कोन जुळला नाही तर आवाज दबलेला, लोकर तोंडावर धरून बोलल्यासारखा येतो, आणि लोकांना वाटतं कॅसेटच खराब झाली. एक छोटा स्क्रू फिरवत, वरच्या पट्टीतला आवाज सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबायचं. बाबांचा ‘स’ आणि ‘श’ नीट ऐकू येईपर्यंत मी फिरवत राहिले. तो आला आणि बाबा खोलीत बोलायला लागले. हात थरथरत होता, म्हणून थोडा वेळ काम थांबवलं.

१७ मार्च

रेकॉर्डिंगची मापं : ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, एकच चॅनल, वेव्ह फाइल. आवाजाच्या अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना किमान ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट सांगते. जागा परवडते तर त्याच्या दुप्पट घेतलं. तासाला साधारण एक जीबी. वाजवताना काही ठिकाणी शब्दाच्या आधी त्याच शब्दाची अंधूक सावली ऐकू येते. फीत वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्यातलं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं, त्याचा हा परिणाम. बाबा बोलायच्या आत बाबा ऐकू येतात.

२४ मार्च

दादा ऐकायला बसला. या कॅसेट त्यालाच आलेल्या, पण कॉलेज संपल्यापासून त्याने त्या लावल्या नव्हत्या.

दादाच्या मनातले बाबा कडक. कमी बोलणारे, मार्क विचारणारे, चूक दाखवणारे. मुलांना मांडीवर घेऊन मुंगीची गोष्ट सांगणारे आजोबा बघून त्याला कायम थोडं दुखायचं; ‘आमच्या वाट्याला हे बाबा आलेच नाहीत,’ असं तो एकदा बोलून गेला होता. आज पहिल्याच कॅसेटमध्ये बाबा वीसेक मिनिटं एका पुलाच्या कठड्याबद्दल बोलतात. ड्रॉइंग कसं केलं, साइटवरच्या माणसाने तो कसा बदलायला लावला, आणि तोच कसा बरोबर होता. मध्ये हसतात. मग म्हणतात, ‘तू जेवतोस ना वेळेवर? अभ्यासाचं मी विचारत नाही, तो तू करतोसच.’

दादा म्हणाला, ‘हे मला आठवतच नाही. मला फक्त अभ्यासाचं आठवतं.’

इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच दाखवून दिलं होतं की माणूस आठवण जशीच्या तशी बाहेर काढत नाही, प्रत्येक वेळी नव्याने रचतो, आणि आधीच्या समजुतीत बसेल तसे तिचे कोपरे घासतो. दादाचं तेच झालं असणार. पण मी हे त्याला लगेच ऐकवलं नाही. त्याचे कडक बाबाही खोटे नव्हते. मी धाकटी, तो कडकपणा माझ्यापर्यंत पोचेस्तोवर उतरला होता. त्याने मात्र तो पूर्ण सोसला. एका कॅसेटने ते पुसलं जाऊ नये. त्याच्या आठवणी त्याच्याच शब्दांत वेगळ्या रेकॉर्ड करायच्या ठरल्या.

७ एप्रिल

आवाजातली खरखर काढायचा प्रयोग. ऑडॅसिटीत जिथे कुणी बोलत नाही असा तुकडा निवडायचा, सॉफ्टवेअर त्यावरून खरखरीचा नमुना घेतं आणि तो नमुना सगळीकडून वजा करतं. परिणाम पहिल्या क्षणी थक्क करणारा. फितीची सळसळ गेली, पंख्याची घरघर गेली, बाबा जणू काल बोलले.

पण दुसऱ्यांदा ऐकताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मूळ फाइल शेजारी लावून बघितली. श्वास गेला होता. बोलायच्या आधी ते घेतात तो खोल श्वास, फोनवरच्या मेसेजमध्येही तसाच असलेला. श्वास हा सगळ्या पट्ट्यांत पसरलेला, सुराशिवायचा आवाज असतो. यंत्राच्या हिशेबात तो आणि फितीची सळसळ सारखीच. पंखाही मला परत हवासा वाटला. त्याच पंख्याखाली आम्ही झोपायचो.

नियम ठरला, आणि तो आता संपूर्ण कामाला लागू : मूळ प्रतीला हात लावायचा नाही. शब्द कळत नसतील तिथे ऐकण्यापुरती वेगळी, सौम्य साफ केलेली प्रत करायची, तिच्या नावातच तसं लिहायचं. अभिलेखागारांत हीच रीत असते, पण मला ती आज स्वतःच्या कानांनी पटली. बाबांना स्वच्छ करायला मी बसलेले नाही.

२८ एप्रिल

आजची नोंद सविस्तर करते, कारण असं पुन्हा सापडणार नाही.

दादाही काही कॅसेट परत पाठवायचा, बाबांच्याच कॅसेटवर स्वतःचं बोलणं भरून. अशा कॅसेटमधून बाबा गेलेच असणार, म्हणून मी त्या मागे ठेवल्या होत्या. आज एक लावली. दादाचा कोवळा आवाज, वसतिगृहाच्या तक्रारी, मग ‘ठेवतो आता’, बटणाचा खटका. मी डेक बंद केला नाही, कारण प्रत्येक बाजू शेवटपर्यंत उतरवायची हा नियम आहे. रेकॉर्डर जिथवर चालतो तिथवरचंच जुनं पुसलं जातं. त्यापुढे फितीवर आधीचं तसंच राहतं. खटक्यानंतर अर्ध्या वाक्यातून बाबा सुरू झाले.

‘…मग मुंगी म्हणाली, चूक झाली, पुन्हा मोजा. कुठून मोजायचं?’

आणि एक लहान मुलगी ओरडते, ‘पायापासून!’

ती मी आहे. चार-पाच वर्षांची असेन. बाबा म्हणतात, ‘बरोब्बर, पायापासून. एकदा मोजलं की दुसऱ्यांदा मोजायचं.’ पुढे थोडा वेळ आम्ही दोघं खाटेचा पाय मोजतो, मी आकडे चुकते, ते चुकलेले आकडेही खरे धरून पुढे जातात. मग फीत संपते.

मला यातलं काहीही आठवत नाही. मी हा आवाज ऐकला आणि खूप रडले. ताईला फोन लावून ऐकवलं तर ती शांतपणे म्हणाली, ‘हो, मुंगी. तुला रोज सांगायचे की. मी तिथेच अभ्यास करत बसलेली असायचे.’ इतकी वर्षं तू बोलली कशी नाहीस, विचारलं. म्हणाली, ‘मला वाटलं तुला माहीतच आहे.’

म्हणजे मुंगी आजोबांची नव्हती, बाबांचीच होती. नातवंडांसाठी ते नवे झाले असं आम्ही मानत होतो, ते पूर्ण खरं नव्हतं. दादाला आज सांगितलं नाही. फाइल त्याला पाठवली, सोबत एवढंच लिहिलं की शेवटपर्यंत ऐक.

२९ एप्रिल

दादाचा रात्री उशिरा निरोप : ‘ऐकलं. दोनदा ऐकलं.’

१९ मे

एका जवळच्या नातलगाने काळजीने विचारलं, इतकं त्यातच राहणं बरं का, आता स्वीकारायला हवं ना. मनाला लागलं, म्हणून इथे लिहून ठेवते. दुःखाच्या ज्या पाच पायऱ्या सगळ्यांना तोंडपाठ आहेत त्या एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ साली मांडल्या, आणि त्या मुळात स्वतः मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या. मागे राहिलेल्यांनी त्या एकेक करून चढाव्यात असं त्यातून निघत नाही. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी वेगळं मांडलं : गेलेल्या माणसाशी असलेलं नातं तोडल्याशिवाय सावरता येत नाही हे खरं नाही; नातं रूप बदलून चालू राहतं आणि त्यात आजारी असं काही नाही. मी कामावर जाते, झोपते, हसते, आणि आठवड्यातून एकदा बाबांबरोबर बसते. मला हे बरोबर वाटतं.

१६ जून

अल्बम. चिकट पानं आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेला हा प्रकार फोटोंना फार वाईट. गोंद पिवळा पडून फोटोच्या पाठीत मुरतो. ओढून काढायचा नाही. दात साफ करायचा धागा फोटोखालून हळूहळू करवतीसारखा सरकवत सोडवायचा. जिथे सुटला नाही तिथे पानासकट स्कॅन केला. ६०० डीपीआय, टिफ फाइल. मागे काही लिहिलं असेल तर मागची बाजूही. बाबांनी मागे मऊ पेन्सिलनेच लिहिलं आहे, बॉलपेनने कधीच नाही. त्यामुळे पुढच्या चेहऱ्यांवर एकही खोल रेघ उमटलेली नाही.

रंगीत फोटो लालसर झालेत. त्या काळच्या कागदातला निळसर रंग अंधारातसुद्धा उडतो, अल्बम बंद ठेवूनही उपयोग नसतो. कृष्णधवल फोटो उलट टिकलेत, फक्त कडांना चांदीची निळी झाक आली आहे. रंग दुरुस्त केलेल्या प्रती वेगळ्या केल्या. मूळ लाल तसेच.

२३ जून

निगेटिव्ह उजेडावर धरून बघितल्यावर कळलं की अल्बममध्ये बाबा इतके कमी का. फोटो काढणारे तेच, हे तर माहीत होतं. पण जवळजवळ प्रत्येक रोलमध्ये एक-दोन फोटो आईने काढलेले आहेत, बाबांचे, हललेले किंवा डोकं अर्धं कापलेलं. ते बाबांनी कधी छापूनच घेतले नाहीत. छपाईत काटकसर करताना त्यांनी स्वतःला वगळलं.

आता हे सगळे स्कॅन झाले. एकात ते जमिनीवर आडवे झोपून ड्रॉइंग बोर्डच्या खालचं काहीतरी घट्ट करतायत, फक्त पाय आणि एक हात दिसतो. आई म्हणाली, ‘मुद्दाम काढला होता मी तो. असेच असायचे ते.’ संग्रहातला माझा सगळ्यात आवडता फोटो हा आहे.

७ जुलै

तारखांचा प्रश्न. ‘साधारण चौऱ्याऐंशी’, ‘तुझ्या जन्माआधीचा’, असं सगळे सांगतात. संगणक मात्र पक्की तारीख मागतो आणि मग लोक १ जानेवारी टाकून मोकळे होतात. पुढच्या पिढीला तीच खरी वाटते. तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१९ च्या दुसऱ्या भागात याची सोय आहे. १९८४ च्या पुढे प्रश्नचिन्ह म्हणजे खात्री नाही, नागमोडी रेघ म्हणजे अंदाजे, शेवटच्या अंकाच्या जागी फुली म्हणजे दशक माहीत, वर्ष नाही. आमच्या तक्त्यात तेच वापरते आहे. आईच्या आणि ताईच्या तारखा जुळत नाहीत तिथे दोन्ही, नावासकट.

१८ ऑगस्ट

१९८७ नंतर कॅसेट थांबतात, कारण दादा परत आला. फोनवरचे मेसेज २०१६ पासूनचे. मधल्या काळात बाबांचा आवाज कुठेही नाही. ऐन नोकरीची वर्षं, आमची शिक्षणं, ताईचं लग्न, निवृत्ती. माणूस रोज समोर असला की त्याला कुणी रेकॉर्ड करत नाही. लग्नाच्या व्हिडिओत ते दिसतात, वर संगीत भरलेलं आहे.

या काळासाठी ड्रॉइंग आणि वह्या. अमोनिया प्रिंट आधी बाजूला काढले. पांढऱ्यावर निळ्या-जांभळ्या रेघांचे हे प्रिंट उजेडात उडतात, शिवाय त्यांतून निघणारी वाफ शेजारच्या फोटोंना बाधते, म्हणून दोन्ही एका पेटीत ठेवायचे नाहीत. ट्रेसिंग मात्र सुरेख राहिलेत. सपाट ठेवून वरून फोटो काढले, तुकड्यातुकड्याने.

प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली चौकट असते : शीर्षक, प्रमाण, तारीख, कुणी काढलं, कुणी तपासलं. आणि वर सुधारणांचा रकाना, काय बदललं, केव्हा, कुणी. बदल झाला की तो त्या रकान्यात चढतो, आणि आधी काय होतं याचा माग राहतो. मी इतके दिवस संग्रहाचा तक्ता कसा असावा यावर डोकं शिणवत होते आणि उत्तर बाबांच्या कोपऱ्यात होतं. आजपासून आपल्या तक्त्याचे रकाने हेच. आठवण कुणी सांगितली, कुणी पडताळली, नंतर काय सुधारलं.

२५ ऑगस्ट

वह्या. बहुतांश कामाची मापं, पण मध्येच नुसते आकडे : ‘११४२’, ‘१३६७’, पुढे तारीख आणि एक अक्षर. ताईने ओळखलं. आमच्या उंच्या आहेत, मिलिमीटरमध्ये. ड्राफ्ट्समन सेंटिमीटर वापरत नाही. दादाची नोंद सतराव्या वर्षापर्यंत आहे. म्हणजे ज्या काळात दोघांत बोलणंही धड नव्हतं, तेव्हाही कधीतरी त्याला भिंतीशी उभं करून बाबांनी मोजलं होतं आणि वहीत उतरवलं होतं. दादाला आठवतं, ‘हो, ते मोजायचे. मला राग यायचा.’ मग बराच वेळ तो वही घेऊन बसला होता.

शेवटच्या वहीत नातवंडांचे आकडे आहेत. अक्षर जरा हललेलं, आकडे तितकेच नेमके.

६ ऑक्टोबर

मुलांच्या मुलाखती. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी कुटुंबाविषयीचे वीस प्रश्न तयार केले होते : आईबाबा कसे भेटले माहीत आहे का, आजी-आजोबा कुठे वाढले माहीत आहे का, असे. ज्या मुलांना जास्त माहीत होतं त्यांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त दिसला. ड्यूक स्वतः बजावतात की उत्तरं पाठ करून घेतल्याने काही होत नाही. घरात बसून सांगण्याऐकण्यात जे घडतं त्याचा तो परिणाम. म्हणून मी प्रश्न विचारले नाहीत, प्रश्न विचारायला मुलांना लावलं. आईला, ताईला, दादाला. रेकॉर्डर मध्ये ठेवून मी गप्प.

ताईची मुलगी म्हणाली, आजोबांनी तिला पेन्सिल तासायला शिकवली आणि ‘टोक तुटलं तर पेन्सिलीवर चिडायचं नाही’ असं सांगितलं. दादा पटकन म्हणाला, ‘मला म्हणाले होते, टोक तुटतं म्हणजे तुझा हात चुकतो.’ दोन्ही नोंदले. एकाखाली एक.

२० ऑक्टोबर

दादाच्या मुलाने एक कल्पना मांडली, आणि ती प्रेमानेच मांडली. ‘आत्या, एवढं रेकॉर्डिंग आहे. आजोबांच्या आवाजाचं मॉडेल करू. छोट्याची मुंगीची गोष्ट त्यांच्याच आवाजात पूर्ण करून देऊ.’ हे करणं आता अवघड नाही. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दाखवलेल्या मॉडेलला तीन सेकंदांचा नमुना पुरत होता. आमच्याकडे तासन्‌तास आहेत.

माझं पहिलं मन ‘कर’ म्हणालं, हे खरं आहे. मग सगळे बसलो. आई म्हणाली, ‘जे ते बोलले नाहीत ते त्यांच्या तोंडात घालू नका.’ मलाही तेच वाटतं, आणि आणखी एक कारण आहे. आज आम्हाला माहीत असेल की पुढची गोष्ट यंत्राची. तीस वर्षांनी तक्ता हरवला आणि फाइल उरली, तर या मुलांच्या मुलांना बाबा काय बोलले आणि काय नाही हे कळायची सोय राहणार नाही. मग आपण जपलं काय? भाच्याला हे पटलं. त्याने विचारलं, ‘मग गोष्ट अर्धीच?’

माझा मुलगा म्हणाला, ‘मी सांगतो ना.’

नवा फोल्डर केला : ‘मुंगी, पुढे’. सांगणाऱ्याचं नाव, तारीख, सुधारणेचा रकाना. त्याने पहिला भाग आज रेकॉर्ड केला. मुंगी कपाटाखालून बाहेर आली आहे आणि आता आजोबांच्या टेबलाचा पाय मोजते आहे. मोजताना तो चुकला, मग पुन्हा पायापासून मोजलं. त्याला अठ्ठावीस एप्रिलची फाइल मी अजून ऐकवलेली नव्हती. मोजायला आजोबांनीच शिकवलं असणार त्याला.

१७ नोव्हेंबर

प्रती. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी, हा पीटर क्रोग या छायाचित्रकारामुळे रुजलेला नियम. दादाकडे एक हार्ड डिस्क, माझ्याकडे दुसरी, तिसरी प्रत क्लाउडवर. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढून यादीत ठेवला. वर्षातून एकदा पुन्हा काढून ताडायचा, म्हणजे एखादा बिट जरी बदलला तरी कळेल. हे काम दादाच्या मुलाने मागून घेतलं. आईसाठी साध्या एमपीथ्री एका छोट्या प्लेअरवर, मोठ्या बटणांचा. ती रोज एकच कॅसेट लावते, पुलाच्या कठड्याची.

मूळ कॅसेट, निगेटिव्ह, वह्या फेकायच्या नाहीत. कोरड्या, थंड जागी, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत. कॅसेट उभ्या ठेवायच्या, पूर्ण गुंडाळून.

उरलेली कामं : दादाने स्वतःच्या आठवणींची पहिली बैठक पूर्ण केली, दुसरीत त्याला नोकरी लागल्यानंतरची वर्षं घ्यायची आहेत. लग्नाच्या व्हिडिओची मूळ कॅसेट ताईच्या सासरी असू शकते; तीवर संगीत भरायच्या आधीचा आवाज असेल तर मधल्या काळातले बाबा मिळतील. आईकडून निगेटिव्हच्या पाकिटांतल्या अनोळखी चेहऱ्यांची नावं घ्यायची. ती उजेडात बसून सकाळी नीट सांगते, तेव्हा सकाळीच जायचं, प्रिंट मोठे काढून न्यायचे, आणि ती चेहऱ्यावरून भलतीकडे बोलायला लागली तर थांबवायचं नाही.